एकशे अठरा मीटर

फेब्रुवारी संपत आला की अलीगंजातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांच्या स्कूटर चिकट होतात. कोपऱ्यावरच्या आंब्याला मोहोर येतो, मोहोरावर तुडतुडे बसतात आणि त्यांच्या अंगातला रस दिवसभर खाली ठिबकत राहतो. सीटवर, आरशांवर, दोरीवरच्या चादरींवर. लोक कुरकुरत ओल्या फडक्याने पुसतात आणि संध्याकाळी पुन्हा तेच. वरून तो वास. मोहोराच्या वासाला जे नुसतं गोड म्हणतात त्यांनी तो आठवडाभर घरात घेतलेला नसावा. त्याला एक आंबट, शिळी कड आहे. ती मला आधी कळत नव्हती, गेली काही वर्षं फक्त तीच कळते.

"मम्मा, बौर आ गया. अब तुम फिर चुप हो जाओगी," माझी मुलगी परवा म्हणाली. मोहोराला इथे बौर म्हणतात. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. मी म्हटलं, काहीतरीच. आणि मग खरंच गप्प झाले, कारण पोरीच्या तोंडून आपला स्वभाव ऐकला की पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

मी मूळची सांगलीची. उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करणाऱ्या एका सरकारी संस्थेत नोकरी लागली म्हणून लखनौला आले आणि इथलीच झाले. स्वभावाने काटेकोर. घरचे खडूस म्हणतात, ऑफिसातले 'मैडम बहुत स्ट्रिक्ट हैं' म्हणतात, अर्थ एकच. या काटेकोरपणाला एकदा एक भलतंच काम मिळालं आणि त्या कामाची मला घमेंड होती. ती घमेंड कशी उतरली ते मोहोर आला की आठवतं.

जिओकॅशिंग नावाचा एक खेळ आहे. कुणीतरी एक डबा लपवायचा, आत एक वही ठेवायची, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे. बाकीच्यांनी हातात जीपीएस घेऊन तो शोधायचा, वहीत नाव लिहायचं, डबा होता तिथे ठेवायचा आणि घरी येऊन साइटवर चार ओळींची नोंद करायची. बस, एवढंच. भल्या माणसांनी हा उद्योग का करावा असं माझ्या नवऱ्याने मला अनेकदा विचारलंय. पण लपवला डबा आणि झाला खेळ सुरू, असं नसतं. प्रत्येक नवा डबा आधी एका तपासनिसाकडे जातो. तो कुणी पगारी माणूस नसतो, खेळणाऱ्यांपैकीच एक, हौसेने हे काम अंगावर घेतलेला. जागामालकाची परवानगी आहे का, डबा जमिनीत पुरलेला नाही ना, आत खाण्याचं काही नाही ना, चाकू-सुरी नाही ना, शाळा किंवा रेल्वे रुळ जवळ नाहीत ना, डब्याची देखभाल कोण करणार, आणि दुसरा डबा एकशे एकसष्ट मीटरच्या आत तर नाही ना. हे सगळं जमलं तर तपासनीस एक बटण दाबतो आणि डबा जगाला दिसू लागतो. तोवर तो फक्त दोघांना दिसतो, लपवणाऱ्याला आणि तपासनिसाला.

मी तपासनीस होते. टोपणनाव 'टिटवी'. तपासनीस आपलं खरं नाव सांगत नाहीत, मीही नवऱ्यापलीकडे कुणाला सांगितलेलं नव्हतं. या भागातले डबे तेव्हा कमीच असायचे. हजरतगंजापर्यंत मेट्रो यायची होती, फोनमध्ये नकाशे यायला नुकती सुरुवात झाली होती. महिन्यातून एखादा डबा यायचा आणि मी त्याची अशी उलटतपासणी घ्यायचे की बिचारा माणूस पुन्हा खेळाच्या वाटेला जायचा नाही.

पाध्ये काका आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. मूळचे रत्नागिरीचे. हापूसच्या गावचा माणूस, आणि अख्खी नोकरी इथल्या दशहरी आंब्यावर संशोधन करण्यात गेली. याबद्दल त्यांना कुणी छेडलं की म्हणायचे, "आईचं नाव सगळेच घेतात हो, सासूची सेवा कोण करतो ते बघा." काकू गेल्यावर ते एकटे झाले. मुलगा सलील कॅनडात. बाप-लेकात भांडण म्हणाल तर काही नव्हतं. फक्त त्यांना एकमेकांशी बोलता यायचं नाही. काकू होत्या तोवर त्या दोघांमध्ये फोनच्या तारेसारख्या होत्या. यांचं त्याला सांगायच्या, त्याचं यांना. त्या गेल्या आणि रविवारच्या फोनवर 'तब्येत?', 'ठीक', 'थंडी?', 'आहे', एवढंच उरलं. तो फोन ठेवल्यावर काका बराच वेळ तिथेच उभे राहायचे. मी एकदा पाहिलंय.

मग एका रविवारी ते आमच्याकडे आले, हातात कागदाची चिठ्ठी. "वैशाली, अगं तुला ते जीपीएस वगैरे कळतं ना? सलील काहीतरी खेळतो. डबे शोधतो म्हणे. त्याचं त्यातलं नाव हे असं आहे." चिठ्ठीवर इंग्रजीत 'मलिहाबादी' लिहिलेलं होतं. मलिहाबाद म्हणजे लखनौजवळचं दशहरीचं गाव, आणि ते नाव कॅनडातल्या पोराने घेतलेलं. मला हसू आलं. मी त्यांना साइट उघडून दिली, टिटवीबद्दल अवाक्षर न काढता.

त्या दिवसापासून काकांना मुलगा सापडला. बाकीचे लोक डबा मिळाल्यावर 'मिळाला, धन्यवाद' असं लिहून मोकळे होतात. सलील मात्र पानभर लिहायचा. आज पाऊस होता, बूट गळतोय, वाटेत एक आजोबा भेटले, जेवणाच्या डब्यात सूप नेलं होतं ते गार झालं. काका त्या नोंदी छापून घ्यायचे आणि चष्मा पुसून पुसून वाचायचे. रविवारी फोनवर मात्र तेच, 'तब्येत?' 'ठीक.' मी म्हटलं, काका, विचारा की त्याला नवे बूट घेतले का. तर म्हणाले, "छे गं. त्याला कळेल ना मी वाचतो ते. मग लिहायचा नाही."

त्या हिवाळ्यात सलीलने कळवलं की फेब्रुवारीच्या शेवटी दहा दिवस येतोय. काका त्याच संध्याकाळी माझ्याकडे आले. त्यांना डबा लपवायचा होता.

जागा त्यांनी आधीच ठरवली होती. मलिहाबादला एका खाँ साहेबांची बाग आहे, तिथे काका नोकरीत असल्यापासून जायचे. सलील सात वर्षांचा असताना एका सुट्टीत त्यांच्याबरोबर गेला होता आणि हट्ट करून एका कलमाची पट्टी त्याने स्वतः बांधली होती. पोराचीच गाठ ती, वेडीवाकडी. काकांनी ती सोडून पुन्हा बांधली नाही. कलम जगलं, झाड झालं, पण सांध्याशी खोड आजही एका बाजूला फुगलेलं आहे. त्या झाडाच्या ढोलीत डबा ठेवायचा. सलील लखनौला आला की साइटवर जवळपासचे डबे बघणारच. नवा डबा दिसेल, शोधत जाईल, झाड ओळखेल. काका काही बोलणार नव्हते. झाडच बोलणार होतं. बोलता न येणाऱ्या माणसाने केलेली ही सगळी तजवीज होती, आणि तिच्या वाटेत फक्त एक तपासनीस उभा होता.

टोपणनाव त्यांनी घेतलं 'जुनं खोड'. माझंच पिवळं जीपीएस यंत्र उसनं नेलं. खाँ साहेबांची परवानगी आणायला आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून गेलो. खाँ साहेब खाटेवर बसून उन्हाची वाट बघत होते. म्हणाले, "पाध्ये साहब का डिब्बा है तो हमारे सर-आँखों पर। बस बंदरों को न बताइएगा।"

फॉर्म इंग्रजीत भरायचा होता, तो काकांच्या सांगण्यावरून मी टाइप केला. सबमिट केला. घरी आले, चहा ठेवला, टिटवी म्हणून लॉग इन झाले आणि नामंजूर केला. डब्यात आंब्याचं साठं ठेवणार असं त्यांनी लिहिलं होतं, म्हणजे वाळवलेली आंबापोळी. सलीलला आवडायची. खाद्यपदार्थ चालत नाहीत. दुसऱ्या दिवशी काका तणतणत आले. "ही शिंची टिटवी कोण आहे गं? बाई की बुवा? साठं चालत नाही म्हणे. मग कलम करायचा माझा चाकू ठेवतो, तो तर खायचा नाही ना?" मी तेही टाइप करून दिलं आणि तेही नामंजूर केलं. मग त्यांनी नुसती वही आणि पेन्सिल ठेवली.

देखभाल कोण करणार, या रकान्यात त्यांनी सांगितलं, "लिही, मी आहे तोवर मी, पुढे मुलगा." मी लिहिलं. टिटवीने उत्तर दिलं, मुलगा परदेशात राहत असल्यास ही व्यवस्था पुरेशी धरता येत नाही. हे वाक्य मी स्वतः लिहिलं, त्यातला स्वल्पविरामसुद्धा नीट बघून. काकांनी ते वाचलं आणि चष्मा काढून बाजूला ठेवला. म्हणाले, "बरोबरच आहे तिचं."

एवढं सगळं मी गंमत म्हणूनही करत होते, हे कबूल करायला हवं. दोन्हीकडून पत्त्यांचा डाव खेळावा तसं. मला वाटत होतं की शेवटी बटण माझ्याच हातात आहे, चार दिवस नियम पाळून घेऊ आणि मग दाबू. आणि मग मी नकाशावर अंतर मोजलं.

बागेत आणखी एक डबा होता. लखनौला वर्षभर शिकायला आलेल्या एका परदेशी विद्यार्थ्याने तो लपवला होता आणि तो केव्हाच मायदेशी परतला होता. हा कोड्याचा डबा होता. अशा डब्यांची खरी जागा साइटवर दिसत नाही. कोडं सोडवलं तरच आकडे मिळतात. खरी जागा फक्त लपवणाऱ्याला आणि तपासनिसाला माहीत असते. काकांच्या झाडापासून ती होती एकशे अठरा मीटरवर. त्रेचाळीस मीटर कमी.

मी टिटवी म्हणून लिहिलं, जवळच दुसरा डबा आहे, कृपया जागा बदला. काका म्हणाले, "कुठे आहे तो? मला का दिसत नाही?" ते सांगणं नियमात बसत नव्हतं. "बाजूचं झाड घ्या की," मी वैशाली म्हणून म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. "बाजूचं झाड त्याने नाही बांधलं," म्हणाले. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच होतं.

करता काय काय आलं असतं ते आज मला पाठ आहे. हे प्रकरण दुसऱ्या तपासनिसाकडे सोपवता आलं असतं. ओळखीच्या माणसाचं काम आपण करू नये हा साधा संकेत आहे. त्या विद्यार्थ्याचा डबा तिथे खरंच आहे का हे स्कूटर काढून तासाभरात बघून येता आलं असतं. त्याच्या पानावर ओळीने तीन जणांनी 'सापडला नाही' असं लिहिलेलं होतं. अच्छा, आणि काहीच नाही तर डोळे मिटून बटण दाबता आलं असतं. त्रेचाळीस मीटरने कुणाचं घोडं मेलं असतं? पण मला वाटलं, ओळखीच्या माणसाला सूट दिली तर मी कसली तपासनीस. मी विद्यार्थ्याला रीतसर पत्र टाकलं की आपला डबा जागेवर असल्याची खात्री करून कळवावे, आणि रीतसर उत्तराची वाट बघत बसले.

सलील आला तेव्हा मोहोर भरात होता. आकाश मात्र सबंध आठवडाभर राखी होतं. धुकं दहा-अकरापर्यंत हटायचं नाही. अशा हवेत मोहोराला भुरी लागते, काका सकाळी गच्चीवर उभे राहून काळजी करायचे. मी दोघांना जेवायला बोलावलं. सलील उंच, शांत, वडिलांसारखाच मान थोडी खाली घालून बोलणारा. "हाँ ताई, बस बस, खूप झालं," असं अर्ध्या हिंदीतलं मराठी. जेवताना तो सहज म्हणावं तसं म्हणाला, "लखनौमध्ये फक्त तीनच डबे आहेत. मला वाटलं होतं आणखी असतील." बोलताना त्याने एकदा वडिलांकडे पाहिलं. काका आमटी-भात कालवत होते, आवश्यकतेपेक्षा जास्त वेळ. मी वाढत होते. त्या टेबलावर सगळं माहीत असलेली मी एकटीच, आणि तोंडात मूग धरून कोशिंबिरीचा आग्रह करत होते.

सातव्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. आवाज दबका. "वैशाली, हळू बोलतो, सलील बाहेर हॉलमध्ये आहे. अगं, त्याने आत्ता लिहिलंय. बघ बघ." मी साइट उघडली. कोड्याच्या डब्याच्या पानावर मलिहाबादीची नवी नोंद होती. त्याने कोडं सोडवलं होतं, सकाळी जाऊन आला होता, आणि डबा त्यालाही सापडला नव्हता. पुढे लिहिलं होतं, 'पण बाग मोहोरलेली आहे. लहानपणी वडिलांबरोबर अशाच एका बागेत यायचो. मी बांधलेलं एक कलम इथेच कुठेतरी असेल. वडिलांना विचारलं तर लगेच दाखवतील.'

मी ते दोनदा वाचलं. काकांना एवढंच कळलं होतं की तो मलिहाबादला गेला आणि त्याला झाड आठवतंय. मला त्याहून जास्त कळत होतं. तो ज्या जागी उभा राहून डबा शोधत होता ती जागा मला आकड्यांनिशी माहीत होती. सकाळी सलील त्याच्या झाडापासून एकशे अठरा मीटरवर उभा होता आणि परत आला होता.

"त्याला आठवतंय गं," काका म्हणाले. "मी आता बाहेर जातो आणि म्हणतो, चल, दाखवतो. म्हणू ना?"

आणि मी म्हटलं, "काका, दोन दिवस थांबा. तुमचा डबा होईल पब्लिश. मग तो स्वतःच जाईल. त्यात मजा आहे."

असं का म्हटलं? विद्यार्थ्याला दिलेली मुदत दोन दिवसांनी संपत होती. उत्तर आलं नाही तर त्याचा डबा यादीतून काढता आला असता, काकांचा रीतसर मंजूर झाला असता, सगळं नियमात बसलं असतं आणि मला बटण दाबायला मिळालं असतं. मला ते बटण दाबायचं होतं, हेच खरं.  काका म्हणाले, "बरं. तू म्हणतेस तर थांबतो." त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. बाहेर जाऊन बोलायचं त्यांच्याही जिवावर आलं असणार. न बोलायला त्यांना कारण हवं होतं, ते मी आयतं दिलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी विद्यार्थ्याचं उत्तर आलं. डबा जागेवर आहे, मी स्वतः पक्का बसवला होता, लोकांना नीट शोधता येत नाही. काकांचा डबा अडकला तो अडकलाच, आणि सलीलचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. धुक्यामुळे ते पाच तास उशिरा सुटलं. ते पाच तास दोघं अमौसीच्या विमानतळाबाहेर शेजारी शेजारी बसले होते, असं काका नंतर म्हणाले. मी विचारलं, काय बोललात? "चहा प्यालो दोनदा," ते म्हणाले. मग म्हणाले, "पुढच्या मोहोराला बघू. तोवर टिटवी शहाणी होईल."

पुढचा मोहोर त्यांना मिळाला नाही. जानेवारीत, ऐन धुक्यात गेले. सकाळी दूधवाले भैया बेल वाजवत राहिले आणि मग आमच्याकडे आले. सलील आला, सगळं केलं, आठ दिवसांत घर आवरलं. सामान टेम्पोत चढत असताना तो माझ्याजवळ उभा होता. छापलेल्या कागदांची एक जाड फाइल त्याच्या हातात होती. ती उघडून त्याने पहिलं पान पाहिलं आणि बंद केली. मला वाटलं, आता सांगावं. त्याने विचारलं, "ताई, झाडांना पाणी कोण घालेल?" मी म्हटलं, मी घालेन. तो गेला.

फेब्रुवारीत कोपऱ्यावरचा आंबा मोहोरला आणि स्कूटर चिकट झाल्या. मी एका सकाळी सीट पुसली आणि थेट मलिहाबादला गेले. कोड्याच्या डब्याच्या जागी जाऊन उभी राहिले. तिथे नुसती झाडं. विद्यार्थ्याने खूण लिहिली होती, 'विहिरीच्या कठड्यात'. तिथे विहीर नव्हती. पार बांधापर्यंत फिरले, विहीर नव्हतीच. खाँ साहेबांना विचारलं. म्हणाले, "कुआँ? कुआँ तो उधर है बिटिया, ईंट-भट्ठे की तरफ। आधा किलोमीटर पड़ेगा।"

तिथेच बांधावर बसून मी स्कूटरच्या विम्याच्या पाकिटावर गणित मांडलं. अक्षांशाच्या एका अंशाची साठ मिनिटं आणि एका मिनिटाचे साठ सेकंद होतात. आमच्या खेळात मात्र सेकंद लिहीत नाहीत, मिनिटांचे दशांश लिहितात. त्या पोराच्या यंत्रावर पंचावन्न मिनिटं अडतीस सेकंद दिसले असणार आणि त्याने पंचावन्न दशांश अडतीस लिहून टाकले. साडेपाच तास, म्हणजे पाच तास तीस मिनिटं, पाच दशांश तीस तास असे लिहावेत तशी चूक. नवशिके हमखास करतात. ही चूक पकडायलाच तपासनीस असतो. मी त्याचा डबा मंजूर केला तेव्हा खुणेत विहीर होती आणि उपग्रहाच्या चित्रात विहीर नव्हती, आणि नकाशे करून पोट भरणाऱ्या बाईने ते ताडून पाहिलं नव्हतं. गाडी घेऊन वीटभट्टीकडे गेले. विहीर होती. कठड्यातली एक वीट सैल होती, मागे डबा. पक्का बसवला होता, खरं बोलला होता तो. आतली वही कोरी.

म्हणजे काकांच्या झाडाजवळ दुसरा डबा कधी नव्हताच. जे मी एवढं मोजलं होतं ते अंतर एका रिकाम्या जागेपासूनचं होतं.

परत येऊन त्या वाकड्या सांध्याच्या झाडाशी गेले. ढोलीत काकांचा डबा होता, वर वाळकी पानं नीट पसरलेली. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला त्यांच्या सरकारी अक्षरात एकच सूचना होती. 'कृपया पहिली ओळ सोडून लिहावे.' मी तिथे बसून रडले. मोहोर डोक्यावर गळत होता, केसांत, वहीवर, चिकट. खाँ साहेबांनी लांबून पाहिलं आणि पाठ फिरवून दुसरीकडे निघून गेले.

टिटवीचं काम मी त्या महिन्यात सोडलं. सलीलला लिहायला मात्र दोन वर्षं घेतली. खऱ्या नावाने लिहिलं. डबा, झाड, साठं, चाकू, विहीर, अडतीस सेकंद, टिटवी म्हणजे मीच, सगळं. माफी मागितली. डबा अजून आहे, मंजूर करून घेऊ का, असंही विचारलं.

त्याचं उत्तर लगेच आलं. इंग्रजी लिपीत, मराठी. चिडलेला नव्हता. डबा यादीत आणू नका, राहू दे तसाच, मी येईन कधीतरी, असं लिहिलं होतं. आणि पुढे हे होतं.

'ताई, बाबा वाचतात हे मला माहीत होतं. ते नाव त्यांना मीच फोनवर दोनदा सांगितलं होतं, स्पेलिंगसकट. म्हणून तर मोठं मोठं लिहायचो, नाहीतर गळक्या बुटांबद्दल कोण लिहितं? लखनौची ती नोंदही त्यांच्यासाठीच होती. ती टाकली तेव्हा मी हॉलमध्ये बसलो होतो आणि ते आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वाटलं, वाचलं त्यांनी, आता बाहेर येतील आणि म्हणतील, चल. मी चपला घालून बसलो होतो. मग त्यांनी कुणाला तरी फोन लावला, हळू आवाजात काही बोलले, आणि पुन्हा बसले. आलेच नाहीत. मला वाटलं, त्यांना नसेल जायचं.'

तो अजून आलेला नाही. दर मोहोराला मी मलिहाबादला जाते, वही कोरडी आहे का बघते, प्लॅस्टिकची पिशवी बदलते, वाळकी पानं पुन्हा पसरते. देखभाल कोण करणार, त्या रकान्याचं हे उत्तर. मुलगी विचारते, "हर साल वहाँ क्या करने जाती हो यार?" मी म्हणते, झाडाला पाणी घालायला. उद्या सकाळी जायचं आहे, आत्ता सीट पुसून ठेवलीय.

सलीलच्या त्या पत्राला मी उत्तर दिलेलं नाही. माझ्या पत्रात मी सगळं लिहिलं होतं, फक्त त्या दुपारचं लिहिलं नव्हतं. त्यानेही कधी विचारलं नाही. काकांनी फोन लावला होता तो मला, आणि थांबा म्हणाले ती मी.